उन्हाचे निमित्त

न्हाणीघराचे पाणी तुंबले, तेव्हा लालासाहेबांनी नळकाम करणाऱ्याला बोलावले नाही. विश्रामबागेतले हे घर त्यांनी स्वतः आराखडा काढून बांधून घेतले होते आणि त्यातला कोणता पाइप कुठून वळतो हे त्यांना पाठ होते. तंत्रनिकेतनातली यंत्र अभियांत्रिकीची पदविका आणि त्यानंतर शिरवळच्या एका कारखान्यात बॉयलरवर केलेली नोकरी, एवढ्या पुंजीवर हा माणूस जगातल्या कुठल्याही बिघाडाकडे शांतपणे पाहू शकत असे.

"नळवाल्याला बोलवा म्हणते मी," सुलाबाई दारातून म्हणाल्या. "कंबर धरली की मग बसाल कण्हत."

"कंबर माझी आहे."

"शेक मला द्यावा लागतो."

लालासाहेबांनी जाळी उचलली आणि आतला गाळ तारेने वर ओढला. केस, साबणाचा चिकटा आणि त्यात गुंतलेल्या ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या. त्यांनी एक चकती धुऊन बोटावर धरली. इंजेक्शनच्या बाटलीच्या तोंडावर असते ती टोपी. एखादी असती तर कचऱ्यातून वाहत आली असे म्हणता आले असते; इथे मूठभर होत्या. त्यांना किंवा सुलाबाईंना मधुमेह नव्हता. घरात तिसरे माणूस एकच होते.

ऋषिराज हा त्यांच्या थोरल्या भावाचा, उंब्रजच्या हंबीररावांचा नातू. हंबीरराव सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, त्यांचा मुलगा हवालदार, सध्या काश्मीरकडे. ऋषिराजने सैन्यभरतीची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली होती आणि आता भरती रॅलीत, म्हणजे मैदानावरच्या चाचणीत, धावायचे बाकी होते. यंदा वयाची मर्यादा संपत होती, म्हणजे ही शेवटची संधी. सांगलीतल्या एका भरती अकादमीत सराव करता यावा म्हणून तो या धाकट्या आजोबांकडे राहायला आला होता. फेब्रुवारी महिना होता, दुपारी पंखा लावल्याशिवाय बसवत नव्हते, आणि मुलगा घरातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत होता. ही गोष्ट आपल्या ध्यानात आधीच यायला हवी होती, असे लालासाहेबांना आता वाटले.

तो सरावाहून परतला तेव्हा वर्तमानपत्रावर धुतलेल्या चकत्या मांडून ठेवल्या होत्या.

"हे काय आहे?"

"ताकदीचं हाय, तात्या. बी-कॉम्प्लेक्सवानी."

"बी-कॉम्प्लेक्सच्या टोप्या कुणी मोरीत दडवत नाही. बाही वर कर."

ऋषिराजने बाही वर केली नाही. मान खाली घालून तो बुटाची नाडी सोडत बसला. मग एकदम म्हणाला, "सगळी घेत्यात. न घेणारा मी एकटाच ऱ्हायलो आसतो. त्यो ज्ञानू माज्या मागं असायचा. मधी महिनाभर त्येची पाठ बघत पळालोय मी. कसं वाटत आसंल सांगा की."

"कोण देतं तुम्हाला?"

"मिळतं."

"कोण, असं विचारलं मी."

"तात्या, भरती हू द्या. मग हात बी लावत न्हाई. आईशप्पत."

"आईला मध्ये आणू नकोस. ती तिकडे उंब्रजला तुझ्यासाठी सोमवार धरते आहे."

त्या रात्री ऋषिराजने बाटली त्यांच्या हातात आणून दिली आणि पुन्हा घेणार नाही असे सांगितले. दोनच दिवसांनी त्याच्या धावण्याच्या बुटांच्या खोक्यात दुसरी बाटली होती. लालासाहेबांनी ती जागच्या जागी ठेवली आणि पहिली घेऊन ते सिकंदरकडे गेले.

सिकंदर मुजावर त्यांचा जुना मित्र. मिरज रस्त्यावर त्याचे औषधांचे दुकान होते. त्याने चष्मा कपाळावर सारून लेबल वाचले आणि बाटली गल्ल्यामागे, गिऱ्हाइकांना दिसणार नाही अशी ठेवली.

"लाला, हे भुलीच्या डॉक्टरचं औषध. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचं ब्लडप्रेशर खाली गेलं तर वर आणायला देतात. धडधाकट पोरानं हे शिरेत मारलं तर त्याला वाटतं, वारं भरलं अंगात. दम लागत नाही, थकवा कळत नाही. पण काळीज तर थकतंच ना? फक्त सांगत नाही ते."

"तुझ्याकडे येतात?"

"येतात की. मी चिठ्ठी मागतो तर हसतात. परवा एक म्हणाला, चाचा, तुम्ही चिठ्ठी बघत बसा, बाहेर घरपोच मिळतंय. जिमवाले घेतात, आखाड्यातले घेतात. आता पळणारी पोरं. ज्यांनी दुधातुपावर अंग कमवायचं ती!"

लालासाहेबांना शिरवळचा बॉयलर आठवला. एका पाळीच्या कामगाराने वाफ सारखी सुटून जाते म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हला तार बांधून टाकली होती. त्या दिवशी दाब उत्तम मिळाला, उत्पादन वाढले आणि व्यवस्थापकाने त्याची पाठ थोपटली. तार लालासाहेबांनी पकडीने तोडली, तेव्हा सगळे त्यांच्यावरच चिडले होते.

त्यानंतरचा आठवडा त्यांनी पद्धतशीरपणे फुकट घालवला. असे तेच नंतर म्हणत. आधी ते अकादमीत गेले. केरबा माने हा तिथला प्रशिक्षक. सैन्यातून आलेला, म्हणून सगळी मुले त्याला उस्ताद म्हणत. उस्तादाने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला.

"काका, गेटाच्या आत बिडी पेटत न्हाई माज्या. गेटाच्या भाईर कोन काय खातंय, त्ये मी कसं बगू?"

"तुम्ही मुलांची तपासणी करून घ्या. रक्ताची, लघवीची."

"आन पोरं शेजारच्या अकादमीत गेली की तितं जाऊन तुमी त्यास्नी आनणार? हितं भिंतीला फोटू बगा. समदी भरती झालेली. आयबाप फोटू बगून पोरं घालत्यात, लघवी बगून न्हाई."

औषध तपासणीच्या सरकारी कार्यालयात त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर पाठवण्यात आले. शेवटी एक तरुण साहेब सौजन्याने म्हणाले, "आजोबा, विकणाऱ्याचं नाव द्या, लगेच छापा घालतो. नाव नसेल तर कुणावर घालू?" नाव मुलाला माहीत होते आणि मुलगा तोंड उघडत नव्हता. त्याचे तोंड उघडायचे तर घरच्यांचे बळ पाठीशी हवे होते. म्हणून लालासाहेब एसटीत बसून उंब्रजला गेले.

हंबीरराव त्यांना घरी भेटले नाहीत; ते आळीच्या तोंडाशी कमानीजवळ उभे होते. तिथे काळ्या दगडाची एक पाटी होती आणि तिच्यावर भावकीतल्या सैनिकांची नावे कोरलेली होती. त्यांच्या वडिलांचे, मग हंबीररावांचे, मग मुलाचे. लालासाहेबांचे नाव अर्थातच तिथे नव्हते. मुलाच्या नावाखालच्या रिकाम्या जागेत पांढऱ्या खडूने अक्षरे आखलेली होती: ऋषिराज.

"पाथरवटाला माप दाकवाय आखून ठेवलंय," हंबीरराव म्हणाले. "निकाल लागला की दुसऱ्या दिशी छिन्नी."

लालासाहेबांनी तिथेच, कमानीखाली उभ्या उभ्या सगळे सांगितले. क्रमाने सांगितले: काय सापडले, ते काय आहे, त्याने काय होते. हंबीररावांनी मधे एकदाही अडवले नाही. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, "लाला, तू बॉयलर बगितलंस. पोरं म्या बगितल्यात."

"दादा, हे विष आहे."

"इष आसतं तर पोरगं आसं पळालं आसतं व्हय रं? टायमिंग बग की त्येचं. आमाला थंडीत रम मिळायची. सरकारच द्यायचं. कोन मेलं?"

"रम आणि हे एक नाही."

"बरं, न्हाई. मग काय करायचं म्हनतोस?"

"धावणं थांबवायचं. डॉक्टरकडे न्यायचं. गरज पडली तर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं."

हंबीररावांनी आजूबाजूला पाहिले. समोरच्या ओट्यावर दोन म्हातारे बसले होते, पण त्यांना ऐकू येणे शक्य नव्हते. तरीही त्यांचा आवाज खाली आला.

"केंद्रात एकदा नाव लागलं की मेडिकलला काय सांगायचं? व्हेरिफिकेशनला पोलीस ईल त्येला काय सांगायचं? रॅली हू दे. मग तू म्हनशील तितं घालू. येरवड्याला घाल म्हनलास तरी घालू."

"आणि रॅलीत पडला तर?"

"त्वांड आवर तुजं! आल्यापास्नं आभद्र बोलाय लागलाईस."

परतीच्या एसटीत लालासाहेबांचे डोके तापले होते. प्रत्येकाला ते खरे बोलत आहेत हे पटत होते, आणि तरी प्रत्येकाला ते नंतर हवे होते. निकालानंतर, नावानंतर, दगडावर अक्षरे कोरल्यानंतर. कासेगावच्या पुढे त्यांनी स्वतःला आवरले आणि नेहमीप्रमाणे विचाराला सुरुवात केली. बाटली फेकली तर तो दुसरी आणणार, हे सिद्ध झालेले होते. एकाएकी बंद केले तर मुलगा खचतो, असे सिकंदर म्हणाला होता. तापलेला बॉयलरही एकदम थंड करत नाहीत, पत्रा तडकतो. दाब हळूहळू उतरवायचा असतो.

सुलाबाईंना दम्यासाठी वाफ घ्यावी लागे. तिच्यासाठी मिळणारे निर्जंतुक सलाइन घरात होतेच. ऋषिराज सकाळी मैदानावर गेला की लालासाहेब त्याच्या खोलीत जात, खोक्यातली बाटली काढत आणि नव्या सिरिंजने तिच्यातले थोडे औषध ओढून घेऊन तेवढेच सलाइन रबरी बुचातून आत सोडत. आधी थोडे, मग आणखी थोडे. बाटलीची पातळी तीच राहत असे. एके दिवशी सुलाबाई हातात केरसुणी घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"हे काय चाललंय?"

त्यांनी समजावून सांगितले. बॉयलरचा दाखला देऊन सांगितले.

"अहो, पण त्याला सांगा तरी."

"सांगून झालं. त्याला, दादाला, उस्तादाला, साहेबाला. सांगण्याचं आता नाव काढू नकोस."

"चोरून बरं करता येतं का कुणाला?" एवढे बोलून त्या केर काढायला लागल्या.

पण बरे होत होते. निदान तसे दिसत होते. मुलगा रात्री झोपू लागला, सकाळी दोन भाकऱ्या जास्त खाऊ लागला, डोळ्यांतली ती काचेसारखी चमक कमी झाली. धावण्यात मागे पडू लागला होता हे खरे, आणि त्यामुळे तो चिडचिड करत होता. एकदा तो गच्चीवर फोनवर कुणावर तरी ओरडत होता. लालासाहेबांना वाटले, मित्रांचे भांडण असेल. उतरत्या दाबात यंत्र थोडे कुरकुरतेच. त्यांनी त्या आठवड्यात पहिल्यांदा दुपारची झोप घेतली.

रॅलीच्या आधीच्या रविवारी अकादमीने मैदानावर रंगीत तालीम ठेवली होती. पालकांना निमंत्रण होते. हंबीरराव पहाटेची गाडी पकडून उंब्रजहून आले होते. अंगात कोट आणि छातीवर पदकांची पट्टी. दोघे भाऊ मांडवात मधे एक खुर्ची सोडून बसले. सूर्य नुकता झाडांवर आला होता. गवतावर अजून दव होते आणि उस्तादाच्या गळ्यात गरम मफलर होता.

शिट्टी झाली. पहिल्या फेरीला ऋषिराज चौथा होता, दुसऱ्या फेरीला ज्ञानूच्या खांद्याला खांदा लावून. तिसऱ्या फेरीला तो सगळ्यांच्या पुढे होता आणि त्याचा वेग वाढतच होता.

"बग," हंबीरराव पुढे झुकून म्हणाले. "बग, लाला! म्हनं इष!"

लालासाहेब उभे राहिले होते. बाटलीत आता निम्म्याहून अधिक पाणी होते. हा वेग त्या बाटलीतून येणे शक्य नव्हते. हा वेग त्याचा स्वतःचा असेल, या आशेने त्यांना एक क्षण अतिशय आनंद झाला. पुढच्याच क्षणी ऋषिराजचा उजवा हात छातीकडे गेला, पाय एकमेकांत अडकले आणि तो तोंडावर पडला. मागची मुले त्याला चुकवून, कुणी ओलांडून धावत राहिली. शिट्टी वाजली नाही.

ते पोहोचले तेव्हा उस्ताद त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होता. मुलाचे ओठ निळसर झाले होते आणि मानेची शीर बाहेरून दिसेल अशी उडत होती.

"ऊन लागलं," उस्ताद म्हणाला. "सावलीत घ्या."

"कुठलं ऊन?" लालासाहेब ओरडले. "दव आहे गवतावर! मफलर आहे तुझ्या गळ्यात! गाडी काढ आधी."

अकादमीच्या जीपमधून त्याला मिरजेच्या रुग्णालयात नेले. तिथल्या तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होत्या, डॉ. अरिबा. त्यांनी मुलाच्या छातीला तारा लावल्या, पडद्यावरची रेघ पाहिली आणि मागे न वळता विचारले, "काय घेतलं होतं यानं?"

"काय न्हाई," हंबीरराव म्हणाले. "निर्व्यसनी पोरगं हाय. सुपारी खाईत न्हाई. ऊन लागलंय."

"ऊन, मॅडम," उस्ताद म्हणाला.

"बाबा, ऊन लागलेल्या माणसाचं प्रेशर एवढं वर नसतं. ठोके आवरायला आम्ही एरवी जे देतो, ते अशा वेळी उलटू शकतं. मला खरं कळलं तर मी बरोबर औषध देईन. लवकर सांगा."

लालासाहेबांनी तोंड उघडले, तेवढ्यात मनगटावर पकड बसली. सत्तरी ओलांडलेल्या हंबीररावांच्या हातात अजून तीच ताकद होती.

"लाला. कागदावर नगं. तुज्या पाया पडतो, कागदावर नगं."

थोरला भाऊ हे शब्द त्यांना आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होता. लालासाहेबांनी मनगट सोडवून घेतले आणि औषधाचे नाव सांगितले. शिरेतून घेतो हे सांगितले, किती दिवसांपासून घेत असावा ते सांगितले. मग, काहीशा दिलाशाने, हेही सांगितले की मागचे काही दिवस आपण त्याच्या बाटलीत सलाइन मिसळत होतो, तेव्हा आज गेले असेल ते अगदी थोडे असेल.

डॉक्टरांनी पेन थांबवले. "थोडं? थोड्यानं असं होत नाही."

मास्कच्या आतून ऋषिराज काहीतरी बोलला. डॉक्टरांनी मास्क जरा बाजूला केला.

"नवी बाटली हुती," तो म्हणाला. "जुना माल पातळ निगाला. चढतच नव्हता. म्हनून... नवीतलं डबल भरलं."

डॉक्टर वळल्या, नर्सला दोन औषधांची नावे सांगितली आणि पडदा ओढला. पडद्याच्या बाहेर लालासाहेब भिंतीला टेकून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी दाब मोजला होता. काटाच दाब कमी दाखवू लागला तर यंत्र चालवणारा काय करील, हा साधा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नव्हता. शेजारी हंबीरराव बसले होते. त्यांना यातले काही कळले की नाही कोण जाणे, ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "लिवलं तिनं. लिवलं बग."

मुलगा वाचला. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉ. अरिबा म्हणाल्या की काळजाला किती इजा झाली ते पुढच्या तपासण्यांत कळेल, पण आता पळणे नाही. यंदा नाही आणि बहुधा पुढेही नाही. हंबीरराव खाली मान घालून ऐकत होते. नंतर ते लालासाहेबांकडे न बघता पायऱ्या उतरले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"खडू पुसला म्या," ते म्हणाले. "गावात सांगितलंय, ऊन लागलं. तू बी तेच सांग. तेवडं तरी कर." आणि फोन बंद झाला.

अकादमीच्या पालकांच्या ग्रुपवर संदेश आला होता. सिकंदरने तो लालासाहेबांना रुग्णालयाच्या व्हरांड्यात वाचून दाखवला, कारण त्यांच्या चष्म्याची काडी त्या धावपळीत मोडली होती. "'कडक उन्हामुळे एका विद्यार्थ्यास किरकोळ चक्कर आली. सुभेदारसाहेबांनी स्वतः तसे कळवले आहे. पालकांनी मुलांना लिंबू-सरबत द्यावे. सराव नियमित चालू राहील.'"

"लिंबू-सरबत," लालासाहेब म्हणाले.

"मी तुलाही दोन शब्द सुनावणार होतो, लाला. सलाइनबद्दल. माझ्याजवळ बसून एवढं बोललास, ते तेवढंच पोटात ठेवलंस."

"सुनाव."

"आता काय सुनावायचं. चेहरा बघ तुझा."

तिसऱ्या दिवशी ऋषिराजला साध्या वॉर्डात आणले. सुलाबाईंनी आणलेली पेज त्याने अर्धी प्यायली आणि वाटी बाजूला ठेवली.

"किती पानी घालत हुता, तात्या?"

"आधी थोडं. शेवटी निम्म्याच्या वर."

"मला वाटलं दुकानदारानं गंडवलं. त्येला आयमाय काढून शिव्या दिल्या मी. सांगितलं आसतं तर..."

"तर घेतलं नसतंस?"

"घेतलं आसतं की. खोटं कशाला बोलू? पर डबल भरलं नसतं."

सुलाबाईंनी वाटी उचलली आणि विसळायला नेली. ऋषिराजने उशाचा मोबाइल चाचपला, घड्याळ पाहिले आणि एकदम कोपरावर उठू लागला. छातीच्या तारा ताणल्या.

"पडून राहा!"

"तात्या, ज्ञानू. मी पडलो त्या दिशी, पळायच्या आदी, नव्या बाटलीतलं उरलेलं त्येला दिलतं मी, शेवटच्या ट्रायलला. म्हनलं, जुन्याच्या डबल घे, माल पातळ यायलाय आजकाल." त्याला धाप लागली. "आज सांजच्याला त्येंची शेवटची ट्रायल हाय. फोन लागंना त्येचा. पळताना पिशवीत टाकत्यात."

"उस्तादाला फोन लाव."

उस्तादाने फोन उचलला. लालासाहेबांनी बोलायला सुरुवात केली आणि त्याने मधेच तोडले. "काका, तुमच्या पोराला ऊन लागलंतं का न्हाई? सुभेदारसायबांनी समद्यास्नी सांगितलंय. आता दुसऱ्याच्या पोराचं नशीब कशाला खराब करताय?" फोन बंद झाला.

लालासाहेबांनी रिक्षा केली. मिरजेहून मैदानापर्यंत प्रत्येक सिग्नल त्यांच्याशी वैर धरून होता. पोहोचले तेव्हा सूर्य कलला होता आणि मुले पांढऱ्या चुन्याच्या रेघेवर उभी होती. ज्ञानू दुसऱ्या रांगेत होता. बारीक, काळासावळा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातलेला. लालासाहेब सरळ रेघेच्या पुढे, मार्गावर जाऊन उभे राहिले.

"ओ काका, भाईर!" उस्ताद धावत आला. "भाईर व्हा म्हनतो."

"शिट्टी वाजवायची असेल तर माझ्या अंगावरून पळू दे त्यांना."

"त्या पोराला ऊन लागलंतं, येड लागलं का तुमास्नी?"

काही मुले हसली. लालासाहेबांनी ऋषिराजला फोन लावला आणि आवाज मोठा केला, पण वाऱ्यात तो कुणाला ऐकू जाणार नव्हता. म्हणून त्यांनी दुसऱ्या रांगेत शिरून फोन ज्ञानूच्या कानाला लावला. आपण काय बोलणार होतो ते सगळे त्यांनी गिळले. आजवर त्यांनीच बोलून काय झाले होते?

"आरं, ऋष्या!" ज्ञानू म्हणाला. "बरा हाईस न्हवं? ऊन लागलं म्हनं गड्या तुला, सकाळच्या पारी!" पलीकडून काहीतरी आले. ज्ञानूचे हसू तसेच राहिले, पण डोळ्यांतून गेले. "व्हय... व्हय, तीच... आत्ताच की, मगाशी... डबल... आरं, तूच म्हनलास न्हवं?" मग तो नुसता ऐकत राहिला. त्याचा मोकळा हात हळूहळू स्वतःच्या छातीवर गेला आणि तिथेच राहिला.

"काय म्हनला त्यो?" उस्तादाने विचारले.

ज्ञानूने फोन लालासाहेबांना परत दिला. तो रेघेच्या मागे गेला, गवतावर बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. ओढताना एका नाडीची गाठ बसली आणि सुटेना. लालासाहेब गुडघे मोडून त्याच्यासमोर बसले आणि त्यांनी ती सोडवली.

"रिक्षा उभी आहे," ते म्हणाले. "डॉक्टर बाई चांगल्या आहेत. त्यांना सगळं खरं सांगायचं."

"कागदावर लिवत्यात का?"

"लिहितात."

ज्ञानूने बूट पायांतून ओढून काढले. मग दोन्ही बूट एका हातात घेऊन अनवाणी उभा राहिला. फोन अजून चालू होता. ऋषिराजचा आवाज बारीक येत होता. "तात्या? बसला का त्यो खाली? तात्या, दुकानाचं नाव सांगतो, त्या छाप्यावाल्या सायबाला सांगा. लिवून घ्या."

"सांग," लालासाहेब म्हणाले. "मोठ्याने सांग."

त्यांच्या मागे उस्तादाने घड्याळ पाहिले, मफलर सारखा केला आणि शिट्टी वाजवली. उरलेली सगळी मुले पळाली.